वाचणाऱ्याला न दिसणारे कोरीवकाम

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सागवानी लाकडाची एक रेहल आहे. रेहल म्हणजे कुराणाची प्रत उघडून ठेवण्यासाठी केलेली, फुलीच्या आकारात उघडणारी आणि मिटली की सपाट होणारी लाकडी बैठक. ही रेहल हिजरी सन ७६१ च्या जिल्हेज महिन्यात, म्हणजे इसवी सन १३६० मध्ये पुरी झाली, हे तिच्यावरच कोरलेले आहे आणि कोरणाऱ्याचे नावही तिथेच वाचायला मिळते: हसन, सुलेमानचा मुलगा, इस्फहानचा. ती इराणात घडली की मध्य आशियात, याबाबत जाणकार दोन्ही शक्यता धरून चालतात. तिची उंची सुमारे १३० सेंटिमीटर आणि रुंदी ४१ सेंटिमीटर आहे. म्हणजे तिच्यावर जो ग्रंथ ठेवला जाई, तो दोन्ही हातांनी उचलून आणावा लागेल असाच असला पाहिजे. संग्रहालयाने तिची छायाचित्रे सर्वांसाठी खुली ठेवली आहेत आणि ती पडद्यावर मोठी करून न्याहाळत बसण्याचा मला बऱ्याच वर्षांपासूनचा नाद आहे.

त्या छायाचित्रांत वरच्या भागावर 'अल्लाह' हा शब्द चार वेळा, वेलबुट्टीच्या दाट गुंफणीवर कोरलेला दिसतो. शिया पंथाच्या बारा इमामांची नावेही या रेहलीवर आहेत. खालच्या भागात मेहराबीसारखी, म्हणजे मशिदीत मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यासारखी, कमान आहे आणि त्या कमानीच्या आत पानाफुलांची इतकी गर्दी आहे की कोणती डहाळी कोणत्या देठातून फुटली, याचा माग काढताना नजर दोनतीनदा तरी चुकते. हे कोरीवकाम एका पातळीवर थांबत नाही. वरच्या थरातली वेल उथळ, तिच्या पोटाखालून जाणारी दुसरी वेल अधिक खोल आणि त्याही तळाशी अंधारात राहिलेली लाकडाची भुई, असे थर एकाच फळीच्या जाडीत काढलेले आहेत. फळी तर तेवढीच, आणि चुकून एक घाव खोल गेला तर खालचा थर कायमचा गेला.

मी बराच काळ या रेहलीकडे भिंतीवरच्या चित्रासारखे पाहत होतो, कारण छायाचित्रात कोरलेली बाजू थेट आपल्यासमोर येते. मग एकदा, ती प्रत्यक्ष उघडून मांडल्यावर कोण कुठे बसत असेल, याचा मी कागदावर आराखडा काढला आणि इतकी वर्षे समोर असलेली एक गोष्ट तेव्हा कुठे ध्यानात आली. रेहल उघडली की तिची दोन वरची पाखे डावीउजवीकडे कलतात, ग्रंथाची दोन अर्धी त्यांच्यावर विसावतात आणि ग्रंथाचा कणा मधल्या घळीत बसतो. वाचणारा माणूस फुलीच्या समोर, म्हणजे फळ्यांच्या कडा दिसतील अशा बाजूला बसतो. कोरलेल्या बाजू त्याच्याकडे तोंड करीत नाहीतच. त्या त्याच्या डाव्या आणि उजव्या हाताला जातात. त्यातही वरच्या पाखांची बाहेरची अंगे, जिथे ईश्वराचे नाव कोरलेले आहे, ती उघडल्यावर जमिनीकडे झुकतात आणि ग्रंथाच्या सावलीत जातात. पाखांची आतली अंगे तर ग्रंथाखालीच जातात. ज्याच्यासाठी ही रेहल मांडायची, त्या वाचकाला आपल्या जागेवरून लाकडाच्या दोन कडांची फुली आणि तिच्यावरची अक्षरे, एवढेच दिसते.

हे लक्षात आल्यापासून रेहलीविषयीचे माझे प्रेम अधिक वाढले आहे. ग्रंथ समोर असताना डोळा दुसरीकडे वळू नये, इतके अंतर राखून हे कोरीवकाम केलेले आहे, अशी माझी समजूत झाली आहे, आणि पुढे जे लिहितो आहे ते याच समजुतीच्या अनुषंगाने.

प्रथम नावाविषयी. 'रेहल' हा आपल्याकडे उर्दूतून आलेला शब्द मूळ अरबी 'रहल' आहे, आणि अरबीत 'रहल' म्हणजे उंटाच्या पाठीवर घालायचे खोगीर. तुर्की भाषेत त्याचेच 'राहले' झाले. प्रवासाला निघणे, मुक्काम हलवणे या अर्थाची क्रियापदे त्याच धातूपासून येतात आणि प्रवासवर्णनाला अरबीत 'रिहला' म्हणतात, तेही त्याच घरातले. लाकडी खोगिराच्या पुढच्यामागच्या फुल्या ज्याने पाहिल्या असतील, त्याला हे नाव का पडले असेल, ते सांगावे लागणार नाही. ग्रंथ हा स्वार आणि रेहल हे त्याचे खोगीर, ही कल्पना त्या एका शब्दात सामावलेली आहे.

इतिहासात तर ही कल्पना एकदा अक्षरशः प्रत्यक्षात उतरली. स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या जामा मशिदीत कुराणाची एक प्राचीन प्रत होती आणि तिच्यात तिसरे खलिफा उस्मान यांच्या स्वतःच्या प्रतीची पाने आहेत, अशी श्रद्धा होती. १२ व्या शतकाच्या उत्तरार्धात, ११५७-५८ च्या सुमारास, मुवाहिद घराण्याचा खलिफा अब्दुल मुमिन याने ती प्रत मोरोक्कोतल्या मराकेशला आणवली. तिच्यासाठी सोन्याचांदीने आणि रत्नांनी मढवलेली वेष्टने झाली, पेटी झाली, रेहल झाली, आणि खलिफा मोहिमेवर निघाला की ती प्रत उंटावर चढवून सैन्याच्या पुढे चालवली जाई. त्या पेटीचे वर्णन मक्करी या १७ व्या शतकातल्या इतिहासकाराने जुन्या लेखकांच्या आधारे नोंदवून ठेवले आहे. किल्ली फिरवली की दारे आपोआप उघडत आणि ग्रंथ ठेवलेली बैठक आतून स्वतःच पुढे सरकत येई; किल्ली उलट फिरवली की ती परत आत जाई आणि दारे मिटत. यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. कुराणाला शुद्ध होऊनच हात लावावा, ते जमिनीवर ठेवू नये, अशी रीत आहे. तिथे ग्रंथ आणि माणूस यांच्यामधला स्पर्श कमीत कमी व्हावा, यासाठी कारागिरांनी यंत्र रचले.

अरबीत अशा बैठकीला दुसरे नाव आहे 'कुर्सी'. कैरोच्या मोठ्या मशिदींतून जी कुर्सी असे, ती फुलीच्या रेहलीपेक्षा वेगळी, एका जागी राहणारी आणि भारदस्त असे. तिच्यावर वाचणाऱ्याने मांडी घालून बसायचे आणि त्याच्यासमोर ग्रंथासाठी घळ असलेली उतरती जागा, असे दोन्ही एकाच लाकडी बांधणीत असे. १३५६ ते १३६३ या काळात उभ्या राहिलेल्या सुलतान हसनच्या मशिदीतली कुर्सी ही त्याची ठळक साक्ष आहे. इजिप्तमध्ये मोठे लाकूड दुर्मीळ, म्हणून तिथल्या सुतारांनी लहान लहान बहुकोनी तुकडे एकमेकांत गुंतवून फळ्या तयार केल्या, आणि टंचाईतून आलेल्या त्या पद्धतीतूनच ताऱ्यांच्या आकृत्यांची ती विलक्षण नक्षी फुलली. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातल्या प्रसिद्ध आयतेत ईश्वराची 'कुर्सी' आकाशे आणि पृथ्वी व्यापून आहे, असे म्हटले आहे. आपली रोजच्या वापरातली 'खुर्ची' त्याच शब्दाची लेक आहे. बसायची खुर्ची ओढून घेताना हे कुणाच्या मनात येत नाही, आणि यायला हवे असेही नाही. परंतु मला ते एकदा कळल्यावर विसरता आलेले नाही.

आता सांध्याविषयी, कारण माझ्या मते रेहलीचे सगळे मर्म तिच्या सांध्यात आहे. पुष्कळ रेहली एकाच फळीतून काढलेल्या असतात. खिळा नाही, बिजागरी नाही, मधून घातलेली सळई नाही, सरस नाही. फळी मिटलेली असताना एकसंध दिसते, आणि उघडली की तिची दोन पाने एकमेकांना आरपार छेदून उभी राहतात. तरी ती वेगळी करता येत नाहीत, कारण ती कधी वेगळी नव्हतीच. साखळीची कडी सुटी न करता ओवता येत नाही, हे आपल्याला ठाऊक असते, आणि इथे मात्र ओवण्याचा प्रश्नच न उद्भवता कड्या एकमेकींत गुंतलेल्या असतात.

हे कसे साधते, ते समजून घेण्यासाठी मी स्वतः एक करून पाहायचे ठरवले. फळी ६० सेंटिमीटर लांब, २४ सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाड घेतली. वरून २४ सेंटिमीटरवर सांध्याची रेघ मारली. तिच्यावरचा आखूड भाग ग्रंथ पेलणाऱ्या पाखांसाठी, खालचा लांब भाग पायांसाठी. रेघेवर रुंदीत पाच दाते आखले. दात्यांची संख्या विषम ठेवली की दोन्ही कडांना एकाच पानाचे दाते येतात आणि सांधा पिळवटत नाही. मग फळीच्या दोन्ही अंगांनी प्रत्येक दाता गोलसर घासून काढला. त्यानंतर फळीच्या माथ्याकडून तिची जाडी दुभागत करवत खाली सांध्यापर्यंत आणायची आणि तळाकडून तशीच वर सांध्यापर्यंत न्यायची. इथपर्यंत धीर असला की जमते.

खरी कसोटी दात्यांपाशी. रेहल उघडली की डावीकडचे पाख उजवीकडच्या पायाला जोडलेले असते. म्हणजे मिटलेल्या अवस्थेत वरचा पुढचा भाग खालच्या मागच्या भागाशी एक आहे. म्हणून पहिला दाता वरच्या बाजूने मागून सुटा करायचा आणि खालच्या बाजूने पुढून; दुसरा दाता नेमका उलट; तिसरा परत पहिल्यासारखा. शिवाय दात्यादात्यांमधल्या उभ्या फटी अरुंद पात्याने आरपार कापायच्या. हे सगळे लाकडाच्या पोटात घडते, डोळ्यांना दिसत नाही. हाताला लागणारा विरोध आणि बदलत जाणारा आवाज, एवढ्यावरच अंदाज बांधावा लागतो. दाता ज्या तिरक्या गळ्याने दोन भागांना धरून असतो, त्या गळ्यात लाकडाचे तंतू आखूड पडतात, आणि लाकूड नेहमी तंतूंच्या दिशेनेच फाटू पाहते.

तिसऱ्या दात्याचे शेवटचे काही तंतू राहिले होते. करवत काढून मी तिथे पटाशी लावली आणि मोगरीने हलकेच एक ठोका दिला. फट सरळ दात्याच्या मधून खाली उतरली. आवाज फार मोठा झाला नाही, परंतु तो ऐकताच काय झाले ते मला कळले. फळी उघडली खरी, पण ती फुलीत उघडली नाही. तिसरा दाता दुभंगून त्याचा अर्धा भाग वर राहिला आणि अर्धा खाली. दोन आठवड्यांच्या संध्याकाळी त्या कामात गेल्या होत्या. तो फाटलेला दाता मी टाकून दिलेला नाही. तो हातात घेतला की आतले तंतू किती सरळ आणि किती निर्विकारपणे सुटले, ते बोटाला लागते. हसनच्या रेहलीकडे मी त्यानंतर जेव्हा परत पाहिले, तेव्हा कोरीवकामाच्या आधी माझी नजर सांध्यावर गेली. ज्या कारागिराने एवढी खोल नक्षी कोरली, त्याने सांध्याच्या बाबतीत किती वेळा श्वास रोखून धरला असेल, याची मला आता थोडी कल्पना आहे.

त्या रेहलीचे लाकूड सागवान आहे, हीही सहज वाचून पुढे जाण्याची बाब नाही. साग इराणात होत नाही, मध्य आशियातही होत नाही. तो हिंदुस्थानाच्या आणि त्यापलीकडच्या पूर्वेच्या जंगलांतून यायचा. पश्चिमेकडच्या देशांत सागाचा व्यापार फार जुना होता. जवळपास अक्रोडासारखे उत्तम लाकूड मिळत असताना दूरवरून आणलेली फळी निवडावी, यात त्या कामाला दिलेले मोल दिसते. साग तेलकट, त्यामुळे कीड आणि ओल त्याला सहज बाधत नाही. ज्या वस्तूने ग्रंथाइतकेच टिकावे अशी अपेक्षा असते, तिच्यासाठी हा गुण साधा नव्हे.

अक्रोडाचे नाव निघाले म्हणून कोन्याकडे वळतो. तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात मौलाना जलालुद्दीन रूमी यांचा दर्गा आहे. १९२७ पासून तो संग्रहालय म्हणून खुला आहे. रूमींचे निधन १२७३ च्या डिसेंबरात झाले, आणि १२७९ मध्ये या दर्ग्याला एक रेहल अर्पण करण्यात आली. ती आजही तिथल्या संग्रहात आहे. बाहेरून ती सेल्जुक, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या तुर्की सुलतानांच्या, काळाच्या रीतीप्रमाणे कोरलेली आहे. परंतु तिची खरी नवलाई आत आहे. पाखांच्या आतल्या अंगांवर, म्हणजे जिथे ग्रंथ टेकतो तिथे, रंगवलेले चित्र आहे: वेलींच्या वळणांत गुंतलेले सिंह आणि मधोमध दोन डोक्यांचा गरुड.

मला विचाराल तर इस्लामी कलेतल्या लाकूडकामाचा एकच नमुना डोळ्यांसमोर ठेवायचा झाला, तर मी हा ठेवीन. इस्लामी कलेत प्राण्यांची आणि माणसांची चित्रे वर्ज्य आहेत, असे आपण सरसकट ऐकत आलेलो असतो. कुराणाच्या हस्तलिखितांच्या पानांवर अशी चित्रे येत नाहीत, हे खरे. तिथे अक्षर, भूमिती आणि वेलबुट्टी यांचेच राज्य असते. परंतु दोन डोक्यांचा गरुड हे अनातोलियातल्या सेल्जुक सुलतानांच्या काळातले सत्तेचे चिन्ह होते आणि सिंह तर सर्वत्रच पराक्रमाचा. ही सगळी सत्ता, हा सगळा पराक्रम ग्रंथाच्या खाली मांडलेला आहे. ग्रंथ उचलला की सिंह दिसतात. ग्रंथ ठेवला की ते झाकले जातात आणि त्याचा भार पेलत राहतात. चित्रकाराच्या मनात नेमके हेच होते, असे मी म्हणणार नाही, पण ज्या जागी त्याने ते काढले, ती जागा पाहता मला दुसरा अर्थ सुचत नाही. दर्ग्यातला जो सेवक रोज ग्रंथ मांडत असेल आणि वाचन संपल्यावर उचलत असेल, त्याला ते सिंह दिवसातून दोन क्षण भेटत असतील. वाचकापेक्षा त्या सेवकाचाच मला अधिक हेवा वाटतो.

पुढे उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या, काळात रेहलींचे रूप पालटले. कोरण्याची जागा जडावकामाने घेतली. शिंपल्याचे पातळ, चमकदार तुकडे, हस्तिदंत, आबनूस आणि कासवाचे कवच यांनी लाकूड मढवले जाऊ लागले. कासवाचे कवच अर्धपारदर्शक असते, म्हणून त्याच्याखाली सोन्याचा वर्ख घालत; मग उजेड कवचातून आत जाऊन वर्खावरून परततो आणि त्या तपकिरी तुकड्यात आतून दिवा लावल्यासारखी ऊब येते. या कलेचे 'सेदेफकार', म्हणजे शिंपल्याचे कारागीर, राजवाड्याच्या बागेतल्या कार्यशाळेत तयार होत. त्यांपैकी एक तरुण आधी संगीत शिकत होता. एका स्वप्नानंतर त्याने ते सोडले आणि तो शिंपल्याच्या कामाकडे वळला, असे त्याच्या हयातीतच लिहिलेल्या त्याच्या चरित्रात सांगितले आहे. १५९० च्या सुमारास त्याने घडवलेली रेहल सुलतान तिसरा मुराद याला नजर केली, आणि सुलतानाने खूश होऊन त्याला राजवाड्यात द्वारपालाचे पद दिले. पुढे हाच माणूस साम्राज्याचा मुख्य वास्तुविशारद झाला आणि १६०९ मध्ये त्याने इस्तंबूलच्या सुलतान अहमद मशिदीचे काम हाती घेतले. त्याचे नाव मेहमद आगा; परंतु एवढी प्रचंड मशीद बांधूनही लोक त्याला 'सेदेफकार मेहमद आगा' म्हणूनच ओळखत राहिले.

खरे सांगायचे तर शिंपल्याच्या रेहलींपुढे मी फार वेळ थांबत नाही. त्या सुंदर आहेत, यात शंका नाही. पण त्या दुरूनही चमकतात आणि ग्रंथाशी नजरेची चढाओढ करतात, असे मला वाटते. हा माझ्या आवडीचा भाग झाला.

समरकंदच्या रेहलीपुढे मात्र आवडनिवड मागे पडते. तैमूरने १३९९ मध्ये बीबी खानूम मशिदीचे काम सुरू केले. त्याचा नातू उलुग बेग याने त्या मशिदीसाठी करड्या संगमरवराची अजस्र रेहल करवून घेतली. तिला घडी नाही आणि ती उचलून नेण्याचा प्रश्नच नाही. दोन भव्य त्रिकोणी शिळा, मधे घळ आणि अंगभर कोरीवकाम. लाकडी रेहलीचा आकार दगडात उतरला, तेव्हा तिच्यातला सांधा नाहीसा झाला, पण ग्रंथासाठीची घळ तशीच राहिली. ही रेहल आधी मशिदीच्या आत होती. वरचा घुमट कोसळेल, या भीतीने १८७५ मध्ये ती बाहेर अंगणात आणली गेली. १८९७ च्या भूकंपात मशिदीची आणखी पडझड झाली, तेव्हा ती उघड्या आकाशाखाली सुरक्षित होती. अपत्यप्राप्तीची इच्छा असलेल्या स्त्रिया तिच्याखालून रांगत जात, ही तिथली जुनी श्रद्धा आहे.

एवढ्या मोठ्या रेहलीवर कोणता ग्रंथ ठेवायचा? परंपरा सांगते की खलिफा उस्मान यांचे म्हणून मानलेले कुराण. चर्मपत्रावर कुफी या जुन्या अरबी लिपीत लिहिलेली ती प्रत समरकंदला होती. रशियनांनी १८६९ मध्ये ती सेंट पीटर्सबर्गला नेली आणि आता ती ताश्कंदमध्ये आहे. अभ्यासक तिचे लेखन उस्मान यांच्या काळाच्या बरेच नंतरचे, ८ व्या-९ व्या शतकातले मानतात. मात्र तैमूरच्याच काळाशी जोडलेली दुसरी एक प्रत होती, आणि तिचे आकार ऐकले की संगमरवरी रेहल अवाढव्य वाटेनाशी होते. तिचे एकेक पान सुमारे १७७ सेंटिमीटर लांब आणि १०१ सेंटिमीटर रुंद, आणि एवढ्या पानावर फक्त ७ ओळी. तिची सुटी पाने आणि पानांचे तुकडे आज इराणातल्या मशहदपासून न्यूयॉर्कपर्यंत विखुरलेले आहेत. या प्रतीविषयी एक आख्यायिका आहे. उमर अक्ता नावाच्या सुलेखनकाराने अंगठीच्या खड्याखाली मावेल इतके लहान कुराण लिहून तैमूरला अर्पण केले, तेव्हा तैमूर प्रसन्न झाला नाही. मग त्याने इतके मोठे कुराण लिहिले की ते गाडीवर घालून आणावे लागले, आणि तैमूर स्वतः त्याच्या स्वागताला बाहेर आला. आख्यायिका ती आख्यायिकाच. पण एवढी मोठी पाने उघडी धरायला माणसाचे हात पुरणार नाहीत, हे तर कुणालाही पटेल.

ग्रंथ उघडा धरणे, या साध्या गरजेकडे मी पुन्हा येतो, कारण रेहलीची उपयुक्तता तिच्या पावित्र्यापेक्षा दुय्यम मानण्याकडे आपला कल असतो. इस्लामी हस्तलिखितांची बांधणी बहुधा बारीक रेशमी धाग्याने, पानांचे जुडगे एकमेकांत गुंतवून केलेली असते. युरोपातल्या जुन्या ग्रंथांच्या कण्याला जसा जाड दोऱ्यांचा आधार असतो, तसा इथे नसतो. कण्यावर कापडाची पट्टी आणि त्यावर कातडे. असा ग्रंथ जमिनीवर सपाट उघडून दाबला तर ताण थेट धाग्यावर आणि कण्यावर येतो. रेहल त्याला पूर्ण उघडूच देत नाही. दोन्ही बाजूंना उतरता आधार देऊन कणा मधल्या घळीत अलगद बसवते. आजच्या हस्तलिखित-संग्रहालयांत दुर्मीळ ग्रंथ वाचायला देताना त्याच्या दोन्ही बाजूंना मऊ, उतरत्या उशा ठेवतात, म्हणजे ग्रंथ काटकोनापेक्षा फार जास्त उघडत नाही. त्या उशा पाहिल्या की मला प्रत्येक वेळी वाटते, हे ज्ञान रेहल करणाऱ्या सुतारांच्या हातांत शेकडो वर्षे होतेच.

रेहलींची मशिदींतून आणि दर्ग्यांतून संग्रहालयांकडे झालेली वाटचाल सुखाची नाही. १९ व्या शतकाच्या अखेरीस युरोपात इस्लामी कलावस्तूंना गिऱ्हाईक वाढले आणि धर्मस्थळांतून गालिचे, टाइल्स, दिवे, रेहली नाहीशा होऊ लागल्या. या लुटीला आळा बसावा म्हणून इस्तंबूलमध्ये सुलेमानिये मशिदीच्या आवारातल्या जुन्या अन्नछत्राच्या इमारतीत १९१४ मध्ये वक्फ वस्तूंचे संग्रहालय उघडण्यात आले. तेच आजचे तुर्की आणि इस्लामी कलांचे संग्रहालय, जे १९८३ पासून इब्राहिम पाशाच्या वाड्यात आहे. त्याआधी तिथल्या शाही संग्रहालयाचे संचालक उस्मान हमदी बे यांनी १९०१ मध्ये एक चित्र रंगवले होते: मेहराबीसमोर रेहल, रेहलीवर ग्रंथाच्या जागी बसलेली पिवळ्या वेशातली तरुणी, आणि तिच्या पायांशी विस्कटून पडलेले ग्रंथ. त्या चित्राचे अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावले आहेत. मला ते पाहवत नाही, आणि ते स्त्रीमुळे नव्हे. जमिनीवर उघडे पडलेले ग्रंथ पाहून माझा हात ते उचलायला आपसूक पुढे होतो. चित्रकाराला रेहलीचे सामर्थ्य पुरते ठाऊक होते, म्हणूनच त्याने नेमकी तीच जागा निवडली.

संग्रहालयांतल्या बहुतेक रेहली काचेआड रिकाम्या उभ्या असतात. कोरलेली बाजू प्रेक्षकाकडे वळवलेली असते आणि दिवे तिच्यावर रोखलेले असतात, त्यामुळे त्यांच्या मूळ आयुष्यात कुणाला क्वचित दिसले असेल ते आपल्याला सावकाश पाहता येते. हसनने जमिनीकडे कललेल्या अंगावर ईश्वराचे नाव कोरले, ते मी इतक्या दुरून वाचू शकलो, तेही यामुळेच. याबद्दल मी कृतज्ञ आहे. तरीही एखाद्या संग्रहालयाने एखादी रेहल तरी तिच्या मापाच्या ग्रंथासह, वाचकाच्या बाजूने पाहता येईल अशी मांडावी, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या फळीवर मी पटाशी वापरली नाही. शेवटचे तंतू बारीक पात्याने, एकेक करून कापले, आणि त्या एका कामाला तीन संध्याकाळी लागल्या. पाचही दाते शाबूत राहिले. पहिल्यांदा उघडताना सांधा घट्ट होता, लाकडावर लाकूड घासल्याचा कोरडा आवाज झाला आणि भुशाची एक बारीक रेघ मेजावर पडली. मग दोन्ही पाखे हळूहळू बाजूला झाली. त्यांच्या बाहेरच्या अंगावर मी आता आठ पाकळ्यांचे एक फूल आखून ठेवले आहे. फळी मिटलेली असताना ते समोर दिसते, आणि उघडली की जमिनीकडे वळते. कोरायला पुढच्या आठवड्यात घेईन.